हाताला कसं कळतं? गावात राहून मनाच्या अभ्यासाला लागायची एक वाट

हंगामात मी एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पाहायचं काम करतो. गाडी आवारात लागली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला मूठभर कापूस काढायचा, सरकीवरची रुई चिमटीत धरून ओढायची आणि सांगायचं, धागा किती लांब, ओल किती, कवडी म्हणजे किडका-डागाळलेला कापूस किती. सरकी दाताखाली कशी फुटते त्यावरूनही ओलीचा अंदाज येतो. शेतकरी शेजारीच उभा असतो. त्याचा भाव माझ्या बोटांवर ठरणार, म्हणून तो विचारतोच, "हात लावल्याबरोबर तुले कसं समजते गा?"

"सवयीनं" म्हटलं की तो गप्प होतो. पण सवयीनं नेमकं बदललं काय? बोटांची कातडी, डोळे, मेंदू, की कापसाबद्दल बोलायचे आमचे शब्द? या एका प्रश्नापायी वाचायला लागलो तेव्हा दिसलं की असल्या प्रश्नांचं एक शास्त्रच आहे. कॉग्निटिव्ह सायन्स म्हणतात त्याला. मानसशास्त्र त्यात आहे, पण ते एकटं नाही. प्रयोगशाळा नाही, इंग्रजी जेमतेम, लाइन कधी जाईल सांगता येत नाही, अशा गावात बसून हा अभ्यास कसा सुरू करायचा ते लिहितो.

प्रश्न आधी, विषय मागून

"मन म्हणजे काय?" इथून सुरुवात करू नका. त्या प्रश्नावर पारावर रात्र निघून जाते आणि हाती काही लागत नाही. असा प्रश्न धरा ज्याचं उत्तर तपासता येईल आणि चुकूही शकेल. आजीला चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नातला आहेर आठवतो, पण सकाळची गोळी घेतली का ते आठवत नाही, हे कसं? बाजाराच्या दिवशी भाजीच्या दुकानावर तोंडी हिशेब करणारं पोरगं शाळेत तीच बेरीज का चुकतं?

या दुसऱ्या प्रश्नावर तर मोठं काम झालेलं आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-लिंबं विकणाऱ्या मुलांना संशोधकांनी आधी गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारले, मग तेच आकडे कागदावर घालून दिले. १९८५ साली छापलेल्या त्या अभ्यासात बाजारातली ९८ टक्के उत्तरं बरोबर होती आणि कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीची ३७ टक्के. मुलं होती पाचच, हेही लक्षात ठेवा. पुढं २०२५ मध्ये दिल्ली-कोलकात्याच्या बाजारातल्या मुलांवर बराच मोठा अभ्यास आला, त्यातही हेच दिसलं. शिवाय उलटंही दिसलं, वहीतली गणितं सोडवणाऱ्या शाळकरी मुलांना बाजारातला हिशेब जमत नव्हता. आमच्याकडच्या आठवडी बाजारात हा प्रयोग कुणीही करू शकतो. फक्त भाजी खरंच विकत घ्या, नुसते प्रश्न विचारून धंदा खोळंबवू नका.

प्रश्न धरला की तो वेगवेगळ्या लोकांकडे घेऊन जायचा. अमेरिकेतल्या स्लोन फाउंडेशनसाठी १९७८ मध्ये एक अहवाल तयार झाला, त्यात या अभ्यासाचे सहा भागीदार मांडले होते: मानसशास्त्र, भाषाशास्त्र, मेंदूविज्ञान, संगणकशास्त्र, मानववंशशास्त्र आणि तत्त्वज्ञान. माझा कापसाचा प्रश्न मी या सहाही दारांत नेऊन पाहिला.

मानसशास्त्र म्हणतं, आधी तुला खरंच कळतं का ते मोज. म्हणून लॉटचे नमुने कागदी पिशव्यांत भरून घेतले आणि नंबर दुसऱ्याला टाकायला लावले. माझा अंदाज आधी वहीत लिहायचा, धागा मोजणाऱ्या एचव्हीआय मशीनचा रिपोर्ट नंतर उघडायचा. खरी गंमत पुढं आहे. एकच नमुना मला न सांगता दोन पिशव्यांत घालायचा, म्हणजे मी स्वतःशी तरी सहमत आहे का ते दिसतं. मग डोळ्याला फडकं बांधून, मग रबरी हातमोजे घालून. डोळे बांधले तर कवडीचं अर्थातच काही सांगता येत नाही, पण धाग्याचा अंदाज फारसा हलत नाही. मोजे घातले की तोही कोसळतो.

मेंदूविज्ञान विचारेल, इतकी वर्षं चिमटीनं काम करून मेंदूत काही फरक पडतो का? माझा मेंदू कुणी पाहिलेला नाही, पण व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांचा पाहिला आहे. डाव्या हाताच्या बोटांची जाणीव घेणारा मेंदूचा भाग त्यांच्यात इतरांपेक्षा पसरलेला दिसला, आणि लहानपणी सुरुवात केलेल्यांत जास्त. हा अभ्यास १९९५ चा. भाषाशास्त्र विचारेल की ज्याच्याकडे या फरकांना शब्दच नाहीत त्याच्या बोटांना ते फरक लागतात का. मानववंशशास्त्राचा प्रश्न मला सगळ्यात टोचतो. जन्मभर कापूस वेचणाऱ्या बायांची बोटं माझ्याहून तयार, तरी कापूस पाहायच्या जागेवर बाई का दिसत नाही? कौशल्य कुणाचं धरायचं हे बोटं ठरवत नाहीत. तत्त्वज्ञानातला प्रश्न गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञानं १९४९ मध्ये नीट मांडला: एखादी गोष्ट करता येणं आणि ती सांगता येणं ही दोन वेगळी ज्ञानं आहेत का?

राहिलं संगणकशास्त्र. मशीनही धाग्याची लांबी सांगतं आणि मीही सांगतो, मग आम्ही दोघं एकच काम करतो का? इथं डेव्हिड मार या संशोधकाची रीत घ्या. तो १९८० मध्ये पस्तिसाव्या वर्षी वारला, त्याचं मुख्य पुस्तक त्यानंतर १९८२ मध्ये आलं. मनाच्या कुठल्याही कामाबद्दल तो तीन प्रश्न वेगळे करतो. काम काय आहे आणि कशासाठी? ते कोणत्या रीतीनं, कोणत्या पायऱ्यांनी होतं? आणि ते कोणत्या सामानावर चालतं? माझं आणि मशीनचं काम एक, रीत वेगळी, सामान तर अगदीच वेगळं. मोबाइलमधल्या एआयला "समजतं" की नाही यावर पोरं भांडतात तेव्हा निम्मं भांडण एवढ्यानंच मिटतं, कारण एक जण पहिल्या प्रश्नाचं बोलत असतो आणि दुसरा तिसऱ्याचं.

इतिहास थोडक्यात पुरे. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यानं जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. १९१३ पासून वॉटसन आणि पुढं स्किनर यांच्या पंथाचा जोर वाढला. त्यांचं म्हणणं, आतलं सोडा, बाहेर दिसणारं वागणं तेवढं मोजा. मग ११ सप्टेंबर १९५६ ला अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या एका सभेत न्यूएल आणि सायमन यांनी तर्क करणारा संगणकाचा प्रोग्राम मांडला, चॉम्स्कीनं भाषेचे नमुने मांडले, आणि मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर तिथं होता. हा अभ्यास त्या दिवशी जन्मला असं मिलर पुढं सांगायचा.

वही

दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर काय केलं आणि काय झालं, उजव्या पानावर तुम्हाला काय वाटतं. दोन्ही एका पानावर लिहिलं की महिनाभरानं कळत नाही, बाबाराव खरंच असं बोलले होते की मला तसं वाटलं होतं. प्रयोगाआधी स्वतःचा अंदाज लिहायचा आणि त्याखाली रेघ मारायची, मागून त्यात हात घालायचा नाही. ज्यांच्यावर प्रयोग करता त्यांना आधी सांगा, लहान मुलांच्या आई-बापांना विचारा, नावाऐवजी खूण लिहा. गाव लहान असतं, "अमक्याचं डोकं चालत नाही" ही बातमी संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर पोचते.

आकडे आणि गठ्ठे

सोपी सुरुवात ही. सेकंदाला एक या गतीनं आकडे वाचा, समोरच्यानं तसेच परत म्हणायचे. चारापासून सुरू करा, बरोबर आले की एक वाढवा. बहुतेकांची गाडी सातच्या आसपास अडते. मिलरनं १९५६ मध्ये हाच "सात, दोन कमी-जास्त" असा आकडा मांडला. नेल्सन कोवन यानं २००१ मध्ये दाखवलं की गठ्ठे बांधायला वावच दिला नाही तर मर्यादा चारच्या आसपास येते. गठ्ठा म्हणजे काय ते मोबाइल नंबर सांगताना ऐका. दहा आकडे कुणी सुटे सांगत नाही. आता हेच आकडे समोरच्याच्या ओळखीचे ठेवून पाहा, त्याच्या गट नंबरासारखे किंवा मुलाच्या जन्मसालासारखे. मर्यादा लगेच लांबते.

याचा सगळ्यात देखणा पुरावा बुद्धिबळात आहे. चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये पट्टीच्या खेळाडूंना आणि नवख्यांना पट पाच सेकंद दाखवला. खऱ्या डावातली मांडणी असेल तर पट्टीचा खेळाडू बहुतेक सोंगट्या परत मांडायचा, नवख्याला चारेक जमायच्या. त्याच सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या तर दोघं जवळपास सारखेच. म्हणजे स्मरणशक्ती मोठी असं काही नव्हतं, डावांची ओळख मोठी होती. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा गावागावांत पट निघाले. ते अजून घरात असतील तर हा प्रयोग फुकटात होतो.

उगवतीकडचा बैल

आता माझा आवडता प्रयोग. यासाठी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, एक मातीची कोंबडी आणि एखादं खेळण्यातलं कुत्रं आणा. दोन चौरंग समोरासमोर, मधे माणूस उभा राहील एवढी जागा. पहिल्या चौरंगावर तिन्ही जनावरं एका रांगेत, तोंडं एकाच बाजूला करून मांडा. समोरचा माणूस नीट पाहतो, थोडा थांबतो, मग मागं वळून दुसऱ्या चौरंगावर "जसं होतं तसं" मांडतो. एवढंच सांगायचं. डावं-उजवं, उगवती-मावळती, कुठलाच शब्द तुमच्या तोंडून जाऊ द्यायचा नाही.

बैलाचं तोंड आधी माणसाच्या उजवीकडे होतं आणि ती बाजू उगवतीची होती असं धरा. वळल्यावर कुणी बैलाचं तोंड पुन्हा आपल्या उजवीकडे करतो, म्हणजे आता मावळतीला. तो स्वतःच्या अंगावरून दिशा धरतो. कुणी ते उगवतीलाच ठेवतो, म्हणजे आता आपल्या डावीकडे. तो जमिनीवरून दिशा धरतो. माझ्या आईनं क्षणभरही न थांबता बैल उगवतीला ठेवला. नागपूरच्या शाळेत शिकणाऱ्या माझ्या भाचीनं तितक्याच आत्मविश्वासानं उलटा ठेवला. मग दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. आई म्हणाली, "बाई, बैल कायले फिरवला तू?"

आईचं नवल नाही. ती जेवायला बसलेल्याला "थोडा मावळतीकडे सर" म्हणते. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणात, खरेदीखताच्या चतुःसीमेत डावं-उजवं कुठंच नसतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये गुगू यिमिथिर नावाची भाषा आहे, तिचे जुने बोलणारे टेबलावरच्या वस्तूसाठीही दिशाच वापरतात. भाषेचे अभ्यासक स्टीफन लेव्हिन्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी असे प्रयोग जगभर केले. तमिळनाडूतही खेड्यातले लोक दिशा धरणारे आणि शहरातले डावं-उजवं धरणारे असा फरक त्यांना आढळला. त्यावरून ते म्हणाले की बोलण्याची सवय विचारापर्यंत पोचते.

इथं थांबू नका, कारण पुढचा भाग जास्त शिकवतो. पेगी ली आणि लिला ग्लाइटमन यांनी २००२ मध्ये अमेरिकन विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग केला आणि भोवतालच्या खुणा बदलून दाखवल्या. खिडकीतून बाहेरचं दिसतं का, टेबलावर एखादी ठळक खूण आहे का, यानं उत्तरं बदलली. त्यांचा मुद्दा, हा भाषेचा नव्हे, जागेचा परिणाम असेल. लेव्हिन्सनच्या गटानं त्यालाही उत्तर दिलं. तेव्हा तुम्ही प्रयोग एकदा अंगणात करा, एकदा दार-खिडक्या लावून खोलीत. शेतात राबणारा तरुण आणि घरात बसणारा तरुण, शाळा शिकलेली म्हातारी आणि न शिकलेली, अशा जोड्या लावा. आई आणि भाची यांच्यात फरक वयाचा आहे, शाळेचा आहे, गावाचा आहे, बोलण्याचाही आहे. दोन माणसांवरून यातलं एकही ठरत नाही.

अंगणवाडीत

माझी बायको अंगणवाडी सेविका आहे, त्यामुळं हा भाग तिच्या देखरेखीखाली. दोन बाहुल्या घ्या, चिंगी आणि गोलू. चिंगी गुळाचा खडा टोपलीखाली ठेवून पाण्याला जाते. गोलू तो खडा काढून डब्यात टाकतो. चिंगी परत येते. मुलाला विचारायचं, चिंगी गूळ आधी कुठं पाहील? तीन वर्षांची बहुतेक मुलं ठामपणे "डब्यात" म्हणतात. चार-पाच वर्षांची हसतात आणि "टोपलीखाली" म्हणतात. दुसऱ्याच्या डोक्यात चुकीची समजूत असू शकते, हे कळायला लागल्याची ही खूण. गूळ खरा कुठं आहे आणि आधी कुठं होता, हेही विचारा, नाहीतर मूल गोष्टच विसरलं का ते समजणार नाही.

विमर आणि पर्नर यांनी १९८३ मध्ये हा प्रकार सुरू केला. १९८५ मध्ये बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी तो ऑटिझम असलेल्या वीस मुलांवर केला, त्यातली सोळा अडली, तर डाउन सिंड्रोम असलेली बहुतेक मुलं पार पडली. यावरून कुणी गावातल्या एखाद्या मुलाला ऑटिझम आहे असं ठरवू लागेल, ते करू नका. ते तपासणाऱ्याचं काम आहे. आणखी एक गोष्ट. २००५ मध्ये पंधरा महिन्यांच्या बाळांची नजर किती वेळ टिकते ते मोजून, त्यांनाही हे थोडंफार कळत असावं असा दावा झाला. तो सगळ्यांना मान्य नाही.

मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा पाण्याचा प्रयोगही घरात होतो. सारख्या दोन पेल्यांतलं पाणी सारखं आहे हे मुलाकडून वदवून घ्या, मग एका पेल्यातलं उंच, अरुंद ग्लासात ओता आणि विचारा, कशात जास्त? लहान मूल उंच ग्लास दाखवतं. पण बायकोनं पहिल्याच दिवशी शंका काढली: "तुम्ही तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारता, तर लेकराले वाटते आपलं पहिलं चुकलं." अगदी हीच शंका संशोधकांनीही घेतली होती. १९७४ मध्ये रोझ आणि ब्लँक यांनी वस्तूंच्या रांगांच्या अशाच प्रयोगात प्रश्न एकदाच विचारला, तेव्हा मुलांच्या चुका कमी झाल्या.

आठवणी

पुराचं वर्ष, गावात लाइन आली तो दिवस, अशी एखादी घटना धरा आणि चार जणांना वेगवेगळं बसवून सांगायला लावा. एकमेकांचं ऐकू द्यायचं नाही. काही महिन्यांनी तेच पुन्हा. काय गळलं, काय वाढलं, ते मोजा. इंग्रज मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यानं १९३२ मध्ये दाखवलं की लोक गोष्ट परत सांगताना ती आपल्या ओळखीच्या साच्यात बसवतात.

प्रश्न कसा विचारता याला फार जपा. लॉफ्टस आणि पामर यांनी १९७४ मध्ये अपघाताची फिल्म दाखवून गाड्यांचा वेग विचारला. काहींना विचारलं, गाड्या "एकमेकींना लागल्या" तेव्हा वेग किती होता, काहींना विचारलं, "धडकून चुराडा झाला" तेव्हा किती. एका शब्दानं सरासरी ताशी जवळपास ३२ मैलांवरून ४१ वर गेली. आठवड्यानं फुटलेली काच पाहिली का म्हणून विचारलं, तेव्हा फिल्ममध्ये काच फुटलेलीच नसताना, जोरदार शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण "हो" म्हणाले. साधा शब्द ऐकलेल्यांत ७. धुऱ्याच्या भांडणात साक्षीदाराला कुणी काय शब्दांत विचारलं, ते आता मी कान देऊन ऐकतो.

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा दाखला इथं द्यावासा वाटतो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन जमवल्या आणि आठवणींतला फरकही काही ठिकाणी नोंदवून ठेवला. बार्टलेटचं काम वेगळं, हेतूही वेगळा. पण फरक न लपवता नोंदवायची शिस्त आपल्याकडं जुनी आहे.

असाच एक जुना धागा अवधानाचा. न्यायसूत्रांत म्हटलं आहे की एकाच वेळी अनेक ज्ञानं उपजत नाहीत, हीच मनाची खूण. १९९९ मध्ये सायमन्स आणि शाब्री यांनी लोकांना व्हिडिओत चेंडूचे झेल मोजायला सांगितले, आणि मधून गोरिलाच्या वेशातलं माणूस चालत गेलं ते सुमारे निम्म्या लोकांना दिसलंच नाही. गावात पोरांना चेंडू द्या, मधून शेळी न्या आणि मोबाइलवर काढा. "आमच्याकडं हे आधीच होतं" म्हणून लगेच छाती काढू नका. सूत्रात विधान आहे, किती जणांना आणि कोणत्या कामात हे होतं त्याचं मोजमाप नव्हतं.

मेंदू, मशीनशिवाय

मेंदूचं यंत्र गावात येणार नाही. तिथं रुग्णांच्या कहाण्या वाचा. पॅरिसच्या ब्रोका या डॉक्टरकडे १८६१ मध्ये एक माणूस आला, त्याला बोलणं समजायचं पण तोंडून "तान" एवढंच निघायचं. तो वारल्यावर मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली. दुसरा हेन्री मोलायसन. आकडीवर उपाय म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूचा आतला भाग दोन्ही बाजूंनी काढला, आणि त्यानंतर त्याला नवी घटना लक्षात राहीना. तरी ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. हे आपण आधी कधी केलं होतं, हे मात्र त्याला दर वेळी आठवत नसे. माझ्या चिमटीबद्दल मला सगळ्यात जास्त याच माणसानं शिकवलं.

गावात लकव्यानं वाचा गेलेली माणसं असतात. त्यांच्यावर प्रयोग नाही. आणि कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर भगताकडे न नेता तडक मोठ्या दवाखान्यात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आणखी एक सावधगिरी आमच्या भागासाठी. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स' मासिकात आला. कापणीआधी पैशाची चणचण असताना तेच शेतकरी आकृत्यांच्या कोड्यात मागं पडले, कापणीनंतर पुढं गेले. विश्लेषणावर पुढं आक्षेपही घेतले गेले. पण जूनमध्ये बियाण्याच्या पैशासाठी दारोदार फिरणाऱ्याला आकडे म्हणायला लावू नये, एवढं कळायला मला अभ्यासाची गरज नाही. हा अभ्यास करून तुम्ही समुपदेशक होत नाही. कुणी जिवाचं बरंवाईट बोललं तर वही मिटा, त्याच्याजवळ बसा आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन लावून द्या. तो सरकारी आणि मोफत आहे.

खोटा माल

तालुक्याच्या ठिकाणी "मिड-ब्रेन ॲक्टिव्हेशन"चे वर्ग भरतात. फी घसघशीत. डोळ्याला पट्टी बांधलेलं पोर रंग ओळखतं, वाचून दाखवतं, आई-बापाच्या डोळ्यांत पाणी येतं. तपासायची रीत सोपी आहे. पट्टी कितीही घट्ट बांधा, नाकाशेजारच्या फटीतून खाली दिसतं. म्हणून पट्टीवर अवलंबून राहू नका. मुलाच्या हनुवटीखाली आडवा पुठ्ठा धरा आणि कार्ड त्याच्या खाली ठेवा, किंवा कार्ड बंद लिफाफ्यात घाला. मुलाला चारचौघांत खोटं पाडू नका, त्याला हे शिकवणारा मोठा माणूस असतो. "मेंदूचा दहा टक्केच वापर होतो" आणि "हा डाव्या मेंदूचा, तो उजव्या मेंदूचा" ही दोन वाक्यंही याच दुकानातली. मेंदूचा कुठलाही भाग आयुष्यभर रिकामा पडून राहत नाही. काही कामं एका बाजूला जास्त होतात हे खरं, पण माणसांचे तसे दोन प्रकार पडत नाहीत.

पुढं शिकायचं तर

मराठीत या विषयावर सलग वाचायला कमी आहे. मराठी विश्वकोश मोफत ऑनलाइन आहे, मानसशास्त्र, भाषा, मज्जासंस्था यांवरच्या नोंदींपासून सुरू करा. शब्द अडला तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहा. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं मोफत मिळतात. इंग्रजी कानाला जड जात असेल तर गती कमी करा, खालची अक्षरं चालू ठेवा, आणि एक व्याख्यान तीन बैठकांत ऐका. आमच्या वाचनालयात रविवारी चार-पाच जण एका मोबाइलभोवती बसतात. एक जण ऐकतो तो दुसऱ्याला वऱ्हाडीत सांगतो. सांगताना जिथं अडतं, तेवढाच भाग परत लावायचा.

पदवीनंतर यात एमएस्सी करता येतं. अलाहाबाद विद्यापीठात २००२ पासून यासाठी वेगळं केंद्र आहे, आयआयटी गांधीनगरला अभ्यासक्रम आहे, कानपूरच्या आयआयटीत विभाग आहे, हैदराबाद विद्यापीठातही केंद्र आहे. गांधीनगरला कुठल्याही शाखेची पदवी चालते, त्यामुळं बीए झालेल्यांनी माघार घेऊ नये. प्रवेशाचे नियम बदलत असतात, ते त्या-त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहा, एजंटाला पैसे देऊ नका. बारावीतल्यांनी गणित सोडण्याआधी दोनदा विचार करावा, निदान संख्याशास्त्र तरी ठेवावं, कारण पुढं प्रत्येक प्रयोगाचा निकाल त्याच भाषेत लिहिलेला असतो. मुलाखतीला जाताना वही सोबत न्या, आणि दोन्ही चौरंगांची आकृती त्यात दिशा दाखवून काढलेली असू द्या.